मुंबईचा अभ्यास नागपूरला लागू होतो का? चार नगरसेवकांच्या प्रभागाबद्दल थोडं

ताई, तुमचा प्रश्न असा की एम.ए.च्या लघुशोधप्रबंधासाठी सरांनी रिखिल भवनानी यांचा मुंबई महापालिकेवरचा अभ्यास वाचायला दिला, आणि तोच नागपूर महापालिकेवर करून बघावा असं तुमच्या मनात आहे. जमेल का? जसाच्या तसा नाही जमणार. मी त्या वाटेने एकदा गेलो होतो आणि तोंडघशी पडलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. भवनानी राज्यशास्त्रज्ञ, अभ्यास २००९ चा. प्रश्न साधा होता: महिलांसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या निवडणुकीत खुला झाला, तर तिथून बाई पुन्हा निवडून येते का, की आरक्षण गेलं तशी तीही गेली? मुंबईत एका वॉर्डाचा एकच नगरसेवक, आणि कोणता वॉर्ड महिलांना जाणार हे सोडतीवर. म्हणजे १९९७ ला राखीव झालेले आणि न झालेले वॉर्ड यांच्यात एरवी फरक असायचं काही कारण नाही. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून काहींना गोळी द्यावी आणि काहींना देऊ नये, तसंच हे. मग २००२ ला जे वॉर्ड खुले होते ते त्यांनी ताडून पाहिले. आधी राखीव राहिलेल्या वॉर्डातून बाई निवडून येण्याची शक्यता साधारण पाचपट निघाली. कारणं त्यांनी दोन सुचवली, तीही जपून. एक, आरक्षणामुळे अशा बायका राजकारणात आल्या ज्या पुढे खुल्या जागेवरही जिंकू शकतात. दोन, बाईला तिकीट दिलं तर ती जिंकते हे पक्षांना कळलं. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, नागपूरची गोम तिथे आहे.

आता आपल्याकडे या. नागपुरात २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एकेका नगरसेवकाचे १३६ वॉर्ड, २०१२ ला दोनाचे प्रभाग, २०१७ ला चाराचे. दर वेळी नकाशा नवा. त्यामुळे ‘मागच्या वेळी राखीव असलेला तोच वॉर्ड’ असं काही हाती लागतच नाही. भर म्हणून २०११ मध्ये महिलांचं आरक्षण एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेलं. मी नकाशे एकावर एक ठेवून, मतदान केंद्रं जुळवून हे सोडवायला बसलो होतो. एक अख्खा उन्हाळा गेला. नागपूरचा उन्हाळा, कूलरसमोर नकाशे उडू नयेत म्हणून त्यावर तांबे ठेवून बसायचं! हाती काही आलं नाही.

आणि समजा नकाशा बदलला नसता, तरी मुंबईसारखी तुलना झाली नसती. कारण चार जागांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच. सोडत होते ती कशाची? अनुसूचित जातीची जागा महिलेला की स्त्री-पुरुष कोणालाही, नागरिकांच्या मागास प्रवर्गातली महिलेला की नाही, याची. प्रभागात बाई असणार की नाही, याची नव्हे. ज्यांना गोळी दिलीच नाही असा गटच नागपुरात उरत नाही, मग फरक मोजणार कोणाशी?

माझ्या मते तुमचा खरा विषय इथून सुरू होतो. अ, ब, क, ड या चारही जागांच्या लढती वेगळ्या, उमेदवारांच्या याद्या वेगळ्या. महिलांच्या जागेवरची उमेदवार सर्वसाधारण जागेवरच्या पुरुषासमोर कधी उभीच राहत नाही. मुंबईत वॉर्ड खुला झाला की पक्षाला ठरवावं लागायचं: इथे पाच वर्षं काम केलेली बाई ठेवायची की जुना कार्यकर्ता आणायचा? आपल्याकडे पक्षाला हा पेच पडतच नाही. दोघांनाही जागा आहे. तिला ‘ब’, त्याला ‘ड’. ‘तुमच्यासाठी राखीव आहे की ताई, इकडे कशाला?’ हे वाक्य तिकीटवाटपाच्या दिवसांत मी स्वतः ऐकलंय. म्हणजे मुंबईच्या पक्षांना जो धडा घ्यावा लागला तो प्रभाग पद्धतीत घ्यावाच लागत नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतोय, सिद्ध मीही केलेलं नाही. तुम्ही करा.

हे तपासायला आकडेशास्त्राचा डोंगर नको. २०१७ चा जागावार निकाल घ्या: ३८ प्रभाग, १५१ जागा (एक प्रभाग तिघांचा), त्यांत भाजप १०८, काँग्रेस २९, बसपा १०. यातल्या महिलांसाठी राखीव नसलेल्या जागा वेगळ्या काढा. तिथे मोठ्या पक्षांनी किती बायकांना उभं केलं, किती आल्या, एवढं मोजा. मग २०१२ ला निवडून आलेल्या नगरसेविकांचा माग काढा. पुढे कोणाला तिकीट मिळालं, कोणत्या अक्षराच्या जागेवर, आणि कोणाच्या जागी जाऊबाई किंवा सूनबाई आल्या. वॉर्डाचा नाही, माणसांचा माग काढायचा. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानातही ३८ प्रभाग आणि १५१ जागाच होत्या, म्हणजे निदान या दोन निवडणुका शेजारी ठेवता येतात. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

अनेक प्रतिनिधींचा मतदारसंघ हा काही प्रभाग पद्धतीचा शोध नाही, हे प्रस्तावनेत जरूर लिहा, आणि त्यासाठी दूर जायला नको. सुरुवातीच्या लोकसभा निवडणुकांत काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक तशीच होती (तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर). राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकर हरले, दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. पण त्या पद्धतीत आणि आजच्या प्रभागात एक मोठा फरक होता. तिथे राखीव प्रवर्गातला सर्वाधिक मतांचा उमेदवार राखीव जागेवर गेला की उरलेल्या सगळ्यांमध्ये दुसरी जागा ठरायची, त्यामुळे राखीव प्रवर्गातलाच दुसरा उमेदवार सर्वसाधारण जागाही घेऊ शकत असे. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपूरममध्ये नेमकं तेच झालं. दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९५९ मध्ये तिथेही हरले. १९६१ मध्ये कायदा करून हे दुहेरी मतदारसंघच मोडीत काढले. आपल्या प्रभागात असा ‘अपघात’ राखीव जागेवरच्या उमेदवाराकडून होऊच शकत नाही, अक्षरांच्या भिंती आहेत ना मधे. सरांना हा मुद्दा आवडेल.

आता माझी फजिती. २०१७ नंतर एका पाहणीसाठी उत्तर नागपुरात मतदार यादी घेऊन घरोघरी फिरत होतो. प्रश्नावली मीच तयार केलेली. त्यात एक प्रश्न होता, ‘तुमचा नगरसेवक कोण?’ एकवचनी! चार नगरसेवकांच्या प्रभागात! एका गल्लीत लागून असलेल्या सहा घरांत चार वेगळी नावं आली. त्यांतलं एक नाव नगरसेविकेच्या यजमानांचं होतं, आणि एक पडलेल्या उमेदवाराचं. नळावर भांडी घासत असलेल्या एका आजींना मी जरा मास्तरकीच्या सुरात विचारलं, ‘आजी, निवडून आलेले चार जण आहेत, त्यातलं कोण?’ त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, ‘चार हायेत म्हनते, पन ज्याचा फोन लागते त्यालेच सांगतो आमी.’

त्या प्रश्नाची सगळी उत्तरं मला बाद करावी लागली. पण प्रतिनिधित्वाबद्दल मी वाचलेल्या बऱ्याच गोष्टी आजींच्या त्या उत्तराने जागेवर बसल्या. राजकीय विचारवंत हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाचे वेगवेगळे अर्थ सोडवून दाखवले. अधिकार कोणाला दिला हा एक, प्रतिनिधी आपल्यासारखा दिसतो का हा दुसरा, तो आपल्या वतीने काही करतो का हा आणखी वेगळा. आरक्षणाची चर्चा बहुधा दुसऱ्यावर थांबते. तिसऱ्यावर जायचं तर बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याचा, चट्टोपाध्याय आणि दुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा २००४ चा अभ्यास बघा. प्रधानपदी (म्हणजे आपल्याकडच्या सरपंचपदी) महिला असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या बायकांच्या मागण्यांवर जास्त खर्च केला, असं त्यांना दिसलं. नागपुरात हे मोजायचं तर महालातल्या टाऊन हॉलमधल्या आमसभांची इतिवृत्तं मिळवा. कोणत्या नगरसेविकेने किती आणि कशाबद्दल प्रश्न विचारले, ते वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे. पण मुलाखतीत सगळ्याच ‘मी पाण्याचा प्रश्न लावून धरला’ म्हणतात, म्हणून ते करावंच लागतं.

एक संधी मात्र सोडू नका. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. त्या दिवशी लोकांनी फोन कोणाला लावला? माजी नगरसेवकाला, आमदाराला, झोन कार्यालयात, की कोणालाच नाही? माझ्या माहितीतल्या एक माजी नगरसेविका तेव्हाही रोज सकाळी ओट्यावर बसून लोकांची कामं ऐकत होत्या, पद नसताना. अशा किती होत्या आणि २०२६ ला त्यांतल्या कोणाला तिकीट मिळालं, हे कोणी नीट विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात, चिठ्ठीवर नाही. त्यामुळे सोडतीचा युक्तिवाद त्या जागांना लावू नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल. दोन झोन निवडा, धरमपेठ आणि आशीनगर घेतले तरी पुरे, दहाही झोनच्या मागे लागू नका. प्रश्नावलीचा मसुदा झाला की इथे टाका, मी बघून देतो. फक्त ‘तुमच्या भागातले नगरसेवक सांगा’ असं लिहा आणि खाली चार नाही, सहा ओळी मोकळ्या सोडा. यजमान आणि पडलेला उमेदवार मावायला हवेत.