यकृतात चंद्र कसा काय?

प्रश्न असा होता की चिनी शिकताना यकृत, फुफ्फुस, पाय, जाडा, ज्यात त्यात चंद्राचं चिन्ह का दिसतं, आपल्याकडे ज्योतिषात चंद्र मनाचा कारक तसं तिकडे काही आहे का.

नाही हो, तो मुळात चंद्रच नाहीये, ते मांस आहे. मांसाचा रॅडिकल (म्हणजे अक्षराचा तो घटक, ज्याखाली डिक्शनरीत अक्षर शोधतात) 'रोउ' वेगळा आणि चंद्राचा 'युए' वेगळा. हाडांवर कोरायचे त्या जुन्या लिपीत चंद्र म्हणजे सरळ कोर, आणि मांस म्हणजे कापलेला तुकडा, आत एकदोन रेघा. पुढे लिपी बदलत गेली, हान काळातल्या (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या) कारकुनी वळणापर्यंत डावीकडे दाबून बसवलेलं मांस आणि चंद्र दोघांची एकच उभी चौकट झाली, आत दोन आडव्या रेघा, ओळखा आता कोण कुठला! चिनी लोक ह्याला 'रोउयुएपांग' म्हणतात, म्हणजे मांस-चंद्र बाजू.

यकृताचंच अक्षर घ्या, 'गान' (आपल्याला ऐकू येतं ते जवळजवळ 'कान'). डावीकडे मांस, हा शरीराचा भाग आहे एवढं सांगायला, आणि उजवीकडचा भाग फक्त उच्चारापुरता, त्याचा अर्थ शोधत बसू नका.

१७१६ च्या कांगशी डिक्शनरीत २१४ रॅडिकल आहेत, त्यात चंद्र ७४ वा आणि मांस १३० वा, त्यामुळे यकृत चंद्राखाली शोधलंत तर सापडणारच नाही. चीनमधल्या आजच्या डिक्शनऱ्यांनी मात्र दोघांना एकत्र टाकून मोकळं केलंय. तैवानच्या प्रमाण लिपीत फरक अजून पाळतात, मांसाच्या आतल्या दोन रेघा तिरक्या, एक टिंबासारखी खाली उतरणारी आणि दुसरी वर चढणारी, फॉन्ट मोठा करून बघा म्हणजे दिसेल.

खरी गंमत 'योउ' ह्या अक्षरात आहे, अर्थ 'असणे, जवळ असणे'. जुन्या काशाच्या भांड्यांवर त्यात चक्क हातात मांसाचा तुकडा धरलेला दिसतो. पण इसवी सन १०० च्या सुमाराला शू शेननं आपल्या कोशात त्याला चंद्र समजून 'जे असू नये ते असणं' असा अर्थ लावला, वर ग्रहणाचा दाखलाही दिला! कांगशीतही ते चंद्राखालीच आहे.

आणि मित्र ह्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात दोन चंद्र शेजारी उभे दिसतात ना, ते चंद्रही नाहीत आणि मांसही नाही, त्या कवड्यांच्या माळा आहेत, पण कांगशीत शोधायचं तर चंद्राखालीच.