लाडकी बहीण चालू असताना निराधारचाही अर्ज करावा का?

तुम्ही विचारलंय की मावशींचे यजमान गेले, दोन मुलं शाळेत आहेत, लाडक्या बहिणीचे पैसे येतात, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही अर्ज टाकावा का.

नका टाकू. दोन्हीकडे महिन्याला 1500च आहेत आणि एक चालू असलं की दुसरं मिळत नाही. शिवाय लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, निराधारला वर्षाला 21,000. म्हणजे महिना पावणेदोन हजार. तेवढ्यात कोणाचं घर चालतं, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

चकरा मारायच्याच तर बालसंगोपन योजनेसाठी मारा, वडील गेलेल्या मुलांनाही ती मिळते. मुलामागे महिना 2250, अठरा पूर्ण होईपर्यंत. दोघांचे साडेचार हजार झाले. भाऊ गेला तेव्हा वहिनीला हे कोणी सांगितलंच नाही. वर्षभराने पुतण्याच्या वर्गशिक्षिकेकडून कळलं. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, रेशनकार्ड हे नेहमीचंच, पण घरासमोर आई आणि मुलं उभी आहेत असा एक फोटोही लागतो. त्या दिवशी पुतण्या दिवाळीचा शर्ट घालून आला, तर वहिनीने त्याला आत पाठवून जुना घालायला लावला. पुढे घरी चौकशीला माणूस येतो, मग बालकल्याण समितीचा आदेश. वेळ जातो. पैसेही दरमहा नाही, साचून साचून येतात, त्यामुळे फीचा हिशोब त्यावर मांडू नका.

यजमान 18 ते 59 वयाचे असतील आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 मिळतात. त्याची चौकशी तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत करा.

आणि मुलांचं खातं उघडाल तेव्हा बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारून परत येऊ नका. डीबीटीसाठी सीडिंग आहे का, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात पडतील अशी नोंद आहे का, ते विचारा. आधारवर थेट येणारे पैसे शेवटी सीडिंग केलेल्या बँकेत पडतात, अर्जात कुठलंही पासबुक जोडलेलं असो. वहिनीचे लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते असेच तिने बचत गटासाठी कधीकाळी उघडलेल्या खात्यात जाऊन बसले होते. आम्ही मात्र दुसऱ्याच बँकेत पासबुक भरून घेत होतो.