वाचक विचारतात : प्रगतिपुस्तकातले नव्वद टक्के

प्रश्न : मुलगी गुहागर तालुक्यात एका छोट्या खासगी शाळेत चौथीत आहे. पट कमी, त्यामुळे तिसरी-चौथी एकत्र बसतात, बाई एकच. दरवर्षी नव्वदच्या वर गुण मिळतात. शाळा म्हणते, नवोदयला (केंद्र सरकारच्या निवासी शाळेत) नक्की लागेल. या गुणांवर किती विसंबायचं?

उत्तर : गुण खोटे आहेत असं नाही, ते कशाचे आहेत ते आधी बघा. राज्य मंडळाच्या पद्धतीत तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. सत्र परीक्षेचे ४०च. साठ गुण देणाऱ्या बाई त्याच, चाळीसचा पेपर काढणाऱ्याही त्याच, आणि प्रश्न बहुधा वर्गात घोटून घेतलेल्या स्वाध्यायातले. त्यात गावातलं मूल, रोज बाजारात भेटणारे आईबाप. हात सैल सुटतोच. म्हणून नव्वद टक्क्यांवरून मुलगी नियमित आणि आज्ञाधारक आहे एवढं कळतं. त्यापुढचं वहीत शोधा.

तिला ३०५ मधून १४८ वजा करायला सांगा. १५७ आले तर ठीक. २४३ आले, तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करायची सवय लागली आहे. हातच्याचा अर्थच पोचलेला नाही. मग ६१८ ला ६ ने भागायला द्या. १०३ ऐवजी १३ आले, तर मधलं शून्य गिळलं. वर्तमानपत्रातला दहा-बारा ओळींचा उतारा वाचायला देऊन चार प्रश्न विचारा, त्यातला एक असा की उत्तर ओळीत सरळ सापडणार नाही. शेवटी तिची वही वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या वहीशेजारी ठेवा. निबंधातलं वाक्य न् वाक्य सारखं, चूकसुद्धा तीच, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे.

जोडवर्गाला उगाच घाबरू नका. एका इयत्तेला शिकवणं चालू असताना दुसरी काय करते, एवढं विचारा. ‘पान उतरवून काढतात’ असं उत्तर आलं तर अर्धा दिवस वाया जातोय. ठरवून दिलेली उदाहरणं सोडवतात आणि ती त्याच दिवशी तपासली जातात, तर वर्ग चांगला चालला आहे.

आता नवोदय. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना परीक्षा होते, तीही एकदाच देता येते. २ तास, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न (५० गुण), अंकगणित आणि भाषेचे प्रत्येकी २० (२५-२५ गुण). पेपर मराठीतून देता येतो. निम्मे गुण आकृत्यांचे : वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोकं पाडलेला कागद. यातलं फारसं काही पाठ्यपुस्तकात नसतं. शाळा याचा सराव कोणत्या वारी, किती वेळ घेते ते विचारा. तासिकाच नसेल तर ‘नक्की’ कशाच्या जोरावर?

एक गोष्ट पालक हमखास विसरतात. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. क्लाससाठी म्हणून पाचवीला चिपळूण शहरात घातलंत तर तो हक्क गेला. जिल्हा बदलला तर रत्नागिरीच्या नवोदयचा, म्हणजे पडवे गावातल्या शाळेचा, अर्जच भरता येत नाही.

प्रश्न : दापोली भागात आमची चार शिक्षकांची शाळा आहे. पेपर तपासणीत समानता कशी आणावी?

उत्तर : पेपर शेजारच्या शाळेशी अदलाबदल करून काढा. जमत नसेल तर निदान गणिताची उदाहरणं पुस्तकातल्या आकड्यांनी देऊ नका. उत्तरसूची आणि पायरीचे गुण परीक्षेआधी लिहून ठेवा. तपासताना एकेक पेपर संपवत न जाता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं घ्या. नाहीतर पहिल्या पेपरला कडक आणि शेवटच्याला दमून उदार असं होतं. नावाऐवजी क्रमांक टाकलेत तर उत्तम. दर वर्गाचे पाच पेपर दुसऱ्या शिक्षकाने लाल खुणा न बघता, वेगळ्या कागदावर गुण मांडत तपासावेत. चाळीसात तीन गुणांहून जास्त फरक पडू लागला तर उत्तरसूचीच ढिली आहे, असं आम्ही समजू.

प्रश्न : पावसाच्या सुट्ट्यांनी कामाचे दिवस भरत नाहीत. काय करावं?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास हवेत. दिवस शनिवार धरून कसेबसे भरतात, तास राहतात. ते रोजच्या वेळापत्रकात मोजा. अपूर्णांकासारखा सलग दोन-तीन आठवडे लागणारा घटक गौरी-गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका, सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. जुलै-ऑगस्टला मोजमापं, आकृत्या, उतारावाचन ठेवा; मध्ये दोन दिवस शाळा बंद राहिली तरी धागा तुटत नाही.