टीएक्स बर्स्ट 32 सांगतो, पण समोर पॅकेट पोचत नाही: डीपीडीके मल्टीप्रोसेसमध्ये शोधायचं कुठे?

डीपीडीके (कर्नलला वगळून प्रोग्रामने थेट नेटवर्क कार्ड चालवायची लायब्ररी) वापरणारी तुमची मांडणी मला समजली ती अशी. प्रायमरी, म्हणजे मुख्य प्रोसेस कार्डावरून पॅकेट घेते आणि रिंगमधून (सामायिक मेमरीतली रांग) दोन सेकंडरींना, म्हणजे तिला जोडलेल्या प्रोसेसना, वाटते. सेकंडरी वेगवेगळ्या कंटेनरांत आहेत, एक कार्डाच्या पाठवायच्या रांगेवर, क्यू 0 वर, पाठवते, दुसरी क्यू 1 वर. प्रायमरी स्वतः फक्त एआरपीची (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारणाऱ्या प्रश्नांची) उत्तरं पाठवते. टीएक्स बर्स्ट (पॅकेटांचा गठ्ठा पाठवायचं फंक्शन) 32 परत देतो, तरी काही पॅकेट समोरच्या मशीनवर येत नाहीत, क्वचित एखादं दोनदा येतं, आणि काही मिनिटांनी टीएक्स बर्स्ट 0 द्यायला लागतो. कोअर वेगळे आहेत हे तुम्ही एचटॉपमध्ये (सीपीयूचा वापर दाखवणारं साधन) पाहिलंय. पॅकेट टिपणारा टीसीपीडम्प रिकामा.

"दोनदा येतं" हे तुम्ही ओघात लिहिलंय, पण मी शोध तिथूनच सुरू करेन. पॅकेट गहाळ व्हायला वीस कारणं असतात. तेच पॅकेट दोनदा जायला मात्र बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली असते: एकच एमबफ (पॅकेट ठेवायचा बफर) दोघांच्या हाती लागला.

हे आमच्याकडेही झालं होतं आणि त्यात आमचे चार दिवस गेले. मेमपूलमध्ये (या बफरांचा सामायिक साठा) प्रत्येक एलकोअरसाठी (डीपीडीकेने क्रमांक दिलेला कामाचा थ्रेड) एक छोटी कॅश असते. ती ह्यूजपेजमधल्या (मेमरीची मोठ्या आकाराची पानं) सामायिक मेमरीत असते आणि तिला कुलूप नसतं, कारण एक एलकोअर म्हणजे एकच वापरणारा असं गृहीत धरलेलं आहे. म्हणूनच डीपीडीकेच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की प्रायमरी आणि सेकंडरींनी एकही एलकोअर सामायिक वापरू नये, नाहीतर या कॅश बिघडतात. आम्ही नियम पाळलाय असंच समजत होतो. पण कंटेनर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एलकोअर्सचा पर्याय एकीकडे '0@4' आणि दुसरीकडे '0@6' असा होता. सीपीयू वेगळे, 4 आणि 6. एलकोअरचा क्रमांक मात्र दोन्हीकडे 0. कॅश निवडली जाते ती या क्रमांकावरून, सीपीयूवरून नाही. एचटॉप सीपीयू दाखवतो, त्यामुळे त्यात सगळं ठीकच दिसतं. दोन प्रोसेस एकाच वेळी बफर परत ठेवायला गेल्या की एकीने ठेवलेल्या पत्त्यांवर दुसरीचे लिहिले जातात आणि पहिलीचे बफर कायमचे हरवतात. दोघींनी एकदमच कॅश पूलमध्ये रिकामी केली, तर तेच बफर पूलमध्ये दोनदा जातात. गहाळ आणि दुबार, दोन्ही लक्षणं एकाच घोटाळ्यातून.

तेव्हा आधी तिन्ही प्रोसेसमध्ये सुरुवातीलाच आरटीई एलकोअर आयडी छापा. '0@4', '1@6', '2@8' असे वेगळे क्रमांक दिले की आमची गडबड तत्काळ थांबली. एक मात्र लक्षात ठेवा, पूल एकदा बिघडला की तो आपोआप सुधारत नाही. प्रायमरीसकट सगळं बंद करून नव्याने सुरू करा.

आता क्यू. प्रायमरी एआरपीची उत्तरं कोणत्या क्यूवर टाकते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती क्यू 0 असेल तर पहिली सेकंडरी आणि प्रायमरी एकाच डिस्क्रिप्टर रिंगवर (कोणतं पॅकेट पाठवायचं ते कार्डाला सांगणाऱ्या नोंदींची यादी) कुलुपाशिवाय लिहितायत. एआरपी क्वचितच येते, म्हणून कित्येक मिनिटं काही बिघडत नाही. मग एकदा दोघींचं लिहिणं एकावर एक येतं, रिंगची शेपटी चुकीच्या जागी जाते, कार्ड पुढचे डिस्क्रिप्टर उचलत नाही आणि टीएक्स बर्स्ट 0 देऊ लागतो. तुमची शेवटची तक्रार हुबेहूब अशीच आहे. पोर्ट सुरू करण्याआधी प्रायमरीतच तीन टीएक्स क्यू मागा आणि प्रत्येकीला स्वतःची द्या.

टीएक्स बर्स्टच्या आकड्याचा अर्थही नीट समजून घ्या. 32 म्हणजे 32 पॅकेट डिस्क्रिप्टर रिंगमध्ये ठेवली. तारेवर गेली की नाही हे तो सांगत नाही. आकडा 32 पेक्षा कमी आला तर उरलेले एमबफ तुमचेच असतात: पुन्हा पाठवा किंवा मोकळे करा, नाहीतर ती सरळ गळती. गेलेल्या पॅकेटांचे बफर ड्रायव्हर मोकळे करतो तेही सहसा त्याच क्यूवर पुढे कधीतरी टीएक्स बर्स्ट बोलावल्यावर. शांत पडलेली क्यू त्यामुळे बफर अडवून बसते. 8191 एमबफचा पूल मोठा वाटतो, पण 4 आरएक्स (पॅकेट घ्यायच्या) क्यूंवर प्रत्येकी 1024 डिस्क्रिप्टर म्हणजे 4096 बफर अडकले, 4 टीएक्स क्यूंवर आणखी जवळपास तेवढेच. पूल संपलाच. तुमच्या पूलचा हिशोब एकदा असा मांडून बघा. आरएक्स नोएमबफ (पॅकेट घेताना बफर न मिळाल्याचे प्रसंग मोजणारा) हा काउंटर वाढत असेल तर उत्तर इथे आहे.

टीसीपीडम्प रिकामा असण्यात नवल नाही: कार्ड व्हीएफआयओ-पीसीआयला (कार्ड थेट प्रोग्रामच्या हाती देणारा ड्रायव्हर) बांधलं की कर्नलला ते पॅकेट दिसतच नाही. डीपीडीकेचं स्वतःचं पॅकेट टिपायचं साधन, डीपीडीके-डम्पकॅप, वापरता येईल, पण ते पॅकेट ड्रायव्हरकडे जाण्याआधीच्या कॉलबॅकमध्ये टिपतं, म्हणजे त्यात दिसलेलं पॅकेट तारेवर गेलंच असं नाही. शिवाय ते कॉलबॅक प्रोसेसगणिक असतात, त्यामुळे सेकंडरीने पाठवलेलं त्यात उमटेलच असंही धरू नका. माझा भरवसा ओपॅकेट्सवर (पोर्टवरून बाहेर गेलेल्या पॅकेटांचा आकडा) आहे. इंटेलच्या 82599 सारख्या कार्डात तो आकडा हार्डवेअरच्या रजिस्टरमधून येतो. सेकंडरींनी ठेवलेल्या पॅकेटांची बेरीज, ओपॅकेट्स आणि समोरच्या कार्डाचा आयपॅकेट्स (आत आलेली पॅकेट), हे तीन आकडे दर सेकंदाला शेजारी छापा. फरक कोणत्या दोन आकड्यांमध्ये पडतो त्यावरून पुढे कुठे खणायचं ते कळेल. प्रत्येक पॅकेटमागे लॉग मात्र लिहू नका. 10 गिगाबिटवर 64 बाइटची पॅकेट पूर्ण वेगाने आली तर एका पॅकेटला 67.2 नॅनोसेकंद मिळतात. लॉगमुळे वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपते.

एवढं करूनही दुबार दिसलं तर मेमपूल डीबग चालू करून बिल्ड करा. मग एकच बफर दोनदा मोकळा झाला की कुकी (बफरच्या हेडरमधली खुणेची किंमत) तपासणीत प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. या पर्यायाने मेमरीतल्या हेडरची रचना बदलते, म्हणून तिन्ही प्रोसेस त्याच बिल्डच्या हव्यात, नाहीतर नवीनच क्रॅश पाहत बसाल. तिघींचे एलकोअर क्रमांक आणि क्यू क्रमांक इथे टाका, मी बघतो.