परदेशी संस्था विकतायत, मी काय करू?

प्रश्न : पंप बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीचे शेअर मी बरीच वर्षं धरून आहे. वर्षभरात तिथला परदेशी संस्थांचा वाटा 14 टक्क्यांवरून 9 वर आला, म्युच्युअल फंडांचा वाढला. मुलगा म्हणतो, 'मोठी माणसं निघाली, तुम्हीही विका.' विकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बघा, निघालं कोण? दर तिमाहीनंतर कंपनी शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) संकेतस्थळावर शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता टाकते, त्यात एक टक्क्यावरच्या भागधारकांची नावं असतात. इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकाच्या यादीप्रमाणे शेअर घेणारा-विकणारा फंड, गेला असेल, तर त्यानं तुमच्या कंपनीचा ताळेबंद उघडलेलाही नसतो. ऑक्टोबर 2024 मध्ये परदेशी संस्थांनी आपल्या शेअर बाजारातून सुमारे 94 हजार कोटी रुपये काढले. म्हणून काही त्या महिन्यात पंपांचा खप बसला नव्हता!

अशा विक्रीनं भाव हलतो. कंपनीची खरी किंमत दीर्घकाळात बदलते ती या संस्थांच्या प्रश्नांनी आणि सभेतल्या मतदानानं. मी एका कंपनीच्या सेक्रेटरीयल विभागात नोकरी केली. भाव पडला तरी आमचे साहेब निवांत असत. पण कॉन्कॉलवर (कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते तेव्हा) एखाद्या फंडाची ॲनालिस्ट 'येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, 70 दिवसांवरून 110 दिवसांवर कशी गेली?' असं विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी वसुलीच्या याद्या घेऊन विक्री खात्याची धावपळ सुरू व्हायची.

मारुतीचं प्रकरण आठवतं का? जानेवारी 2014 मध्ये गुजरातचा नवा कारखाना मारुतीऐवजी सुझुकीच्या मालकीचा असेल असं जाहीर झालं. निम्म्याहून जास्त शेअर सुझुकीकडे, म्हणजे विषय संपल्यातच जमा. पण देशी म्युच्युअल फंड अडून बसले. कंपनीला अटी बदलाव्या लागल्या आणि छोट्या भागधारकांची मंजुरी घेण्याचं कबूल करावं लागलं. ती डिसेंबर 2015 मध्ये मिळाली. परदेशीही भांडतात. टीसीआय या ब्रिटिश फंडानं 2012 मध्ये कोळशाच्या दरावरून कोल इंडिया आणि सरकारशी वाद घातला, पण मालक सरकारच. शेवटी शेअर विकून तो बाहेर पडला.

फंडांचा वाटा वाढला म्हणून हुरळूनही जाऊ नका. एसआयपीचे पैसे दर महिन्याला येतात, ते कुठेतरी लावावेच लागतात. त्यातून चढलेल्या भावात प्रवर्तक, म्हणजे कंपनी ताब्यात असलेली मंडळी, क्यूआयपी काढून (मोठ्या संस्थांना नवे शेअर विकून) स्वस्तात भांडवल उभं करतात. त्यातून कर्ज फिटलं तर उत्तम. भलत्याच धंद्यात गेलं तर तुमचं नुकसान. (दुसरा प्रकार मला जास्त दिसतो.)

तेव्हा एक काम करा. भागधारकांच्या सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत मतदानाचा निकाल एक्स्चेंजवर येतो. त्यात संस्थांची मतं वेगळी दाखवलेली असतात. प्रवर्तकांचा पगार आणि त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी होणारे व्यवहार, हे दोन ठराव तपासा. संस्थांची बरीच मतं सलग विरोधात पडत असतील आणि येणीही फुगत असतील, तर विका. नाहीतर ठेवा.