वंशावळीच्या कामास नव्याने लागणाऱ्यास

दफ्तरांकडे धावण्याआधी घरातील सर्वांत वयस्कर आत्याजवळ वही घेऊन बसावे. दफ्तर उद्याही जागेवर असेल, आत्याच्या आठवणींची तशी खात्री देता येत नाही. त्यानंतर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जावे. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यापूर्वीचे पुष्कळ कागद मोडीत असल्याने ती लिपी शिकण्यावाचून गत्यंतर नाही. शके १८१६ दिसल्यास ७८ मिळवून १८९४ समजावे, मात्र पौष ते फाल्गुनातील नोंद बहुधा पुढच्या इसवी सनात जाते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्याही पाहाव्यात. तेथे आडनावापेक्षा मूळ गाव अधिक उपयोगी पडते.

मोडीत ओळभर रेघ आधी ओढून लेखणी शक्यतो न उचलता लिहीत असल्याने शब्द एकमेकांत मिसळतात. अशाच एका ओळीत मी ‘बिन’ (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’) हा शब्द गाळला आणि बाप-लेकांना भाऊ ठरवून दोन वर्षे चुकीची वंशावळ मिरवली. व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाहून ही चूक दाखवली ती नागपूरच्या एका ताईंनी, ज्यांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. दर दिवाळीला त्यांना गुळाची ढेप पाठवतो. तुम्हीही मदत करणाऱ्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, त्या नोंदीशेजारीच लिहून ठेवावे.