वाचक विचारतात: घोड्यावरून पडलेला काउबॉय

प्रश्न: नमस्कार. नातवाने लॅपटॉपवर १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' लावून दिला, जेमतेम बारा मिनिटांचा आहे म्हणून दोनदा बघितला. नातू म्हणतो यातला एक साईड रोलवाला पुढे प्रोड्युसर झाला आणि चार्ली चॅप्लिनला पगार द्यायचा. खरं आहे का, की थापा मारतोय?
- एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: सर, नातवाला आईस्क्रीम द्या, खरं बोलतोय तो. डाकू सगळ्या पॅसेंजरना गाडीतून उतरवून हात वर करून उभं करतात, त्यातला एक जण घाबरून पळत सुटतो आणि पाठीत गोळी खाऊन आडवा होतो बघा, तोच हा गडी. जी. एम. अँडरसन. मूळ नाव मॅक्स आरनसन, आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा, जन्म १८८०. आता परत लावून नीट बघा, डाकूंच्यात पण तोच आहे आणि नाचाच्या सीनमध्ये ज्या शहरी बाबूच्या पायाशी गोळ्या झाडून त्याला नाचवतात तो पण तोच! आपल्या गणपतीतल्या नाटकात कसं, माणसं कमी पडली की पोस्टमन, डॉक्टर आणि हवालदार एकच जण, फक्त मिशी बदलते.

डाकू म्हटल्यावर घोडा आला. दिग्दर्शक एडविन पोर्टरला यानं ठोकून दिलेलं की मला घोडा येतो, आणि घोड्याने त्याला दिला फेकून.

असल्या माणसाला हीरो कोण करणार, कोणी नाही. मग १९०७ मध्ये शिकागोत जॉर्ज स्पूरबरोबर भागीदारीत कंपनी काढली. स्पूरचा 'एस' आणि अँडरसनचा 'ए' मिळून नाव एसॅने, बारसं इतक्यात उरकलं. कंपनीचा पहिला पिक्चर म्हणजे पायात स्केट्स घालून रस्त्यावर लोकांना धडकत सुटलेला एक भटक्या, आणि त्यात काम केलेला बेन टर्पिन स्टुडिओत झाडलोटही करायचा. म्हणजे पैसे किती होते ते समजून घ्या.

१९१० पासून ब्राँको बिली नावाचा काउबॉय तो स्वतःच करायला लागला, सुरुवातीला डाकू पण मनाने चांगला. माझ्या मते त्याची खरी अक्कल इथे दिसते, कारण तेव्हा एक रिळाचा पिक्चर बघितला की लोक विसरून जायचे, यानं तोच चेहरा आणि तेच नाव पुन्हा पुन्हा समोर आणलं आणि लोक बिलीचा नवीन आला का विचारायला लागले. मागच्या पिक्चरमध्ये मेलेला बिली पुढच्यात ठणठणीत, कधी लग्न झालेलं तर कधी सडाफटिंग, कोणाला काही पडलेली नव्हती. असे जवळजवळ दीडशे काढले. आणि हो, घोड्यावर बसायला शिकला नंतर.

प्रश्न: मुलाकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले आहे. इथे नाइल्स म्हणून जुना भाग आहे, टेकडीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय आणि मूकपटांचं म्युझियम आहे. सून म्हणाली चॅप्लिन इथे राहायचा. हॉलिवूड सोडून इथे कशाला?
- एक आजी, मूळच्या डोंबिवलीच्या

उत्तर: आजी, तुम्ही बरोब्बर जागी पोचलात! काउबॉयला डोंगर लागतात आणि शिकागोत ते कुठून आणणार, म्हणून अँडरसन युनिट घेऊन पश्चिमेला फिरत फिरत नाइल्सला आला आणि १९१३ मध्ये तिथे स्टुडिओ बांधला. सगळे सिनेमे तेव्हा हॉलिवूडमध्येच व्हायचे असं नव्हतंच.

आता चॅप्लिन. आधीच्या कीस्टोन कंपनीत त्याला सुरुवातीला आठवड्याला १५० डॉलर होते, अँडरसनने एसॅनेत यायला १२५० कबूल केले, वर १०,००० बोनस. शिकागोतल्या स्पूरला हे झेपेना, चॅप्लिन कामाला आला तर मालक गायब! बोनससाठी त्याला ताटकळत ठेवलं. मग नाइल्सला आला तर अँडरसनने त्याला आपल्याच बंगल्यात उतरवलं. चॅप्लिनने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलंय, लोखंडी खाट, त्यावर जुनी गादी, उघडा बल्ब, आणि संडासात पाणी टाकायचं तर नळावर जग भरून आणायचा. हे घर कोट्यधीश काउबॉयचं हां! माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त शूटिंग सोडून काही सुचत नसावं. १९१५ चा 'द ट्रॅम्प' तिथलाच, शेवटी चॅप्लिन पाठमोरा चालत जातो तो रस्ता नाइल्स कॅन्यनमधला, सुनेला गाडी काढायला सांगा. शनिवारी म्युझियममध्ये पियानोच्या साथीवर मूकपट दाखवतात, तेही चुकवू नका.

प्रश्न: अँडरसन एवढा मोठा होता तर आज त्याचं नाव का ऐकू येत नाही?
- एक कॉलेजवाला, नाशिक

उत्तर: मित्रा, १९१६ ला चॅप्लिन म्युच्युअल या दुसऱ्या फिल्म कंपनीकडे गेला, आठवड्याला १०,००० आणि वर दीड लाख बोनस, म्हणजे स्पूरने ज्या दहा हजारासाठी तोंड लपवलं तेवढे त्याला दर आठवड्याला. त्याच वर्षी अँडरसनने आपला हिस्सा स्पूरला विकला आणि नाटकधंद्यात गेला. पुढे दोनेक वर्षांत एसॅने पण आटोपली.

अँडरसन सिनेमात परत आला तो मात्र पडद्यामागे, प्रोड्युसर म्हणून. १९२१ च्या त्याच्या 'द लकी डॉग'मध्ये स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी पहिल्यांदा एका पिक्चरमध्ये आले, तेव्हा त्यांची जोडी वगैरे काही नव्हती. मानद ऑस्कर मिळायला १९५८ उजाडलं, आणि १९७१ मध्ये तो गेला तेव्हा नव्वद वर्षांचा होता.

'लकी डॉग' शोधून बघ. हार्डी त्यात लुटारू आहे, एकाला हात वर करायला लावून लुटतो आणि लुटलेले पैसे स्वतःच्या समजून लॉरेलच्या खिशात कोंबतो.